रोह्याच्या भोंग्याचे लॉग

९ फेब्रुवारी, पेण
रोह्याच्या कारखान्यात काल वाफेचा पाइप फुटला. दोघे वाईट भाजले. ड्यूटीवर गडबच्या मावशीचा निलेश. कारखाना म्हणतो, त्याने धोक्याचं बटण दाबलंच नाही, म्हणून भोंगा वाजला नाही, माणसं बाहेर पडली नाहीत. बटणाचा निरोप भोंग्यापर्यंत नेणारं सॉफ्टवेअर आमच्या टीमचं.

१० फेब्रु.
निलेशचा फोन. "ताय, दाबलंय गो मी. दोनदा दाबलंय. तुमच्याकडं दिसत असंल ना?" बघते म्हटलं.
बघितलं. काही नाही.

११ फेब्रु.
पुन्हा सगळं चाळलं. आमच्या सॉफ्टवेअरचे दोन कंटेनर, म्हणजे दोन चालत्या प्रती, सुरू होत्या, दोन्ही क्लाउडवाल्याच्या भाड्याच्या मशीनवर. तिथे आपल्याला डोकावता येत नाही. कंटेनर बंद पडला की त्याचे लॉग, त्यातल्या नोंदीही गेल्या, बाहेर पाठवलेल्या तेवढ्या उरतात. पाठवायची सेटिंग गेल्या आठवड्यात टाकली, पण ती नंतर सुरू झालेल्या कंटेनरलाच लागते. एक नवा, त्यात निलेशने बटण दाबल्याची नोंद नाही. दुसरा जुना, त्याचं काहीच बाहेर साठत नव्हतं; निरोप त्यातच अडकला असला तरी कळायला मार्ग नाही. रीस्टार्ट करू का, विचारलं होतं मी. आशुतोष, आमचा मॅनेजर: "चालत्या गाडीला कशाला हात लावतेस? रविवारी बघू."
अपघातानंतर मात्र लगेच झाला रीस्टार्ट, जुन्यात होतं नव्हतं ते पुसलं. कुणी केला? सगळे मिठाची गुळणी धरून.

१३ फेब्रु.
भाजलेल्यांपैकी दत्ता गेला. जिते गावचा. बायको पोटुशी आहे. निलेशवर पोलीस केस होणार म्हणतात.

१४ फेब्रु.
चौकशीत द्यायचा आमचा रिपोर्ट आला, सही माझी हवी. 'बटण दाबल्याची नोंद आढळली नाही.' शब्दन्‌शब्द खरा. वाचणारा मात्र समजणार, दाबलंच नाही. केसाने गळा कापतात तो हा असा. मी खाली जोडलं: 'दोनपैकी एका कंटेनरच्या नोंदी त्या वेळी साठवल्या जात नव्हत्या.'
आशु.ने काढून टाकलं. "क्लायंट बिथरेल. आणि तो तुझा भाऊ लागतो, हे बाहेर कळलं तर?" काळजी म्हणे. धमकीच ती.

१६ फेब्रु.
गडबला गेले. निलेश ओटीवर, हाताला पट्टी. मावशी चहाला आत गेली तेव्हा विचारलं, खरं सांग, दाबलंस?
हाताची पट्टी खेचत म्हणाला, "आधी पळालो गो ताय. मंग परत आलो." मग? "हात तिथं नेल्याची याद हाय. दाबलं असंल."
चहा तसाच ठेवून निघाले.

१७ फेब्रु.
वाक्य परत घातलं, सही केली, चौकशी अधिकाऱ्याला थेट पाठवलं. आशु.चे फोन येतायत, उचलत नाही. नोकरी गेल्यात जमा.
उद्या रोह्याला चौकशी. मला विचारतीलच, तुमच्या मते त्याने दाबलं होतं का?
मघाशी मावशीचा फोन. "तू नुसतं व्हय बोल गो. तुझं ऐकतील ते."
दत्ताची बायकोही येणार आहे.