मध्यंतरापर्यंतचं परीक्षण

प्रिय खारूताई,

तू फोन उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. मी तुझ्या जागी असतो तर नंबरच बदलला असता. म्हणून हे पत्र. फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

तू दिग्दर्शित केलेल्या पहिल्या चित्रपटावर बापानंच लिहू नये, असं संपादक म्हणाले होते. पण हा माणूस पोटच्या पोरीलाही सोडत नाही, हे मला मिरवायचं होतं. 'अंगप्रदर्शनाला विनोदाचा मुलामा' हे वाक्य माझं. बाकीच्या समीक्षकांनी माझीच री ओढली, आणि परवा थिएटरच्या दाराशी घोषणा देणाऱ्यांच्या फलकावरही तेच होतं, माझ्या नावासकट. आता गुरुवारी चित्रपट उतरणार. चार वर्षं घालवलीस तू त्यात.

लहानपणी तू शेंगदाणे कुरतडत माझ्या शेजारी बसायचीस, म्हणून तर खारूताई. चित्रपट संपला की लोक चपला शोधायला लागायचे आणि तू माझा हात ओढायचीस. मी हलायचो नाही. शेवटच्या पाट्या वर सरकत संपेपर्यंत, अगदी दिवे धरणाऱ्याचं नाव वाचून होईपर्यंत उठायचं नाही, हा आपला नियम. झाडूवाली आपल्याला पाय वर घ्यायला लावायची. तीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नाही, असं मी चारचौघांत सांगत असतो.

परीक्षण छापून आलं त्या सकाळी तुझ्या आईनं ते दोनदा वाचलं, पेपरची घडी केली आणि विचारलं, "पाट्यांमध्ये माझं नाव कितवं आलं हो?" तुझ्या चित्रपटातल्या पुतळ्यांचे सगळे झगे तिनं शिवलेले. मला सांगता येईना. त्या दिवशी चहासुद्धा तिनं एकटीनं घेतला.

मी मध्यंतराला उठलो होतो, पोरी.

काल दुपारच्या खेळाला आम्ही दोघं तिकीट काढून गेलो. जेमतेम वीस माणसं होती. जुन्या काळातला तो सोवळा न्यायाधीश बागेतल्या दगडी बायकांना कपडे चढवायचा हुकूम काढतो, बिचारा शिंपी शिडीवर चढून दगडाची मापं घेतो, इथवर मी पाहिलंच होतं. पुढचं काल पाहिलं. भर कोर्टात न्यायाधीशाची बायको सांगते, की त्यातल्या एका पुतळ्यासाठी शिल्पकारासमोर मीच उभी राहिले होते. सगळ्या गावानं मला ओळखलं, वीस वर्षं संसार करून ओळखलं नाही ते फक्त यांनी. सगळे खो खो हसले. तुझी आईही हसली. मग बराच वेळ डोळे पुसत होती.

नदीतल्या आंघोळीच्या प्रसंगामुळं मी उठलो, असा माझा स्वतःचाही समज होता. तो खोटा आहे. तुझा तो न्यायाधीश, बायको समोर आली की चष्मा काढून पुसत बसतो. पहिल्या खेळाला त्यावर अख्खं थिएटर हसलं, तेव्हा माझ्याही हातात चष्मा आणि रुमाल होता. मध्यंतराचे दिवे लागायच्या आधी मी अंधारातच काढता पाय घेतला आणि घरी येऊन नीतिमत्तेवर सहाशे शब्द लिहिले.

आईचं नाव नववं आहे. ते आल्यावर तिनं माझं मनगट घट्ट धरलं. आणि अगदी शेवटी, पडदा काळा होण्याआधी, एकच ओळ आली: 'पाट्या संपेपर्यंत बसवून ठेवणाऱ्या बाबांसाठी.' तोवर थिएटरात आम्ही दोघंच उरलो होतो. मला लाज वाटली, आणि तुझा फार अभिमान वाटला.

पत्र लिहायचं कारण हे, की उद्याच्या अंकात माझं नवं परीक्षण येतंय आणि तू ते परक्यांकडून ऐकू नयेस. 'मी मध्यंतराला उठलो होतो' हे त्याचं पहिलं वाक्य. हे छापलं तर तुमचं सदर बंद करावं लागेल, असं संपादकांनी बजावलं. छापा, म्हटलं. उद्यापासून मीही थिएटरच्या दाराशी उभा राहणार आहे, त्या फलकावरचं वाक्य ज्याचं आहे तो ते मागे घेतोय, हे प्रत्येकाला सांगायला. गुरुवारच्या शेवटच्या खेळाची तीन तिकिटं काढली आहेत. मधली खुर्ची तुझी. शेंगदाणे मी आणतो. तू आली नाहीस तरी पाट्या संपल्याशिवाय मी उठणार नाही.

तुझाच,
पाय वर घेऊन बसलेला
बाबा