अडकलेला आकडा

प्रिय ठिणगी,

पहिल्याच दिवशी हीटरचा फ्यूज उडवलास म्हणून मी तुला दिलेलं हे नाव अजून तुला चालतं का, माहीत नाही. चालत नसेल तर रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

उबवणी केंद्रात सगळं तसंच आहे. मालकीणबाई अजूनही चपला हातात घेऊन आत येतात, पिल्लं दचकतील म्हणून. उबवणीच्या कपाटावरचा आपला सर्किट बोर्डही तिथेच आहे. सेन्सरकडून तापमान घ्यायचं, त्याप्रमाणे हीटर चालू-बंद करायचा आणि तोच आकडा बाहेरच्या पडद्याला कळवायचा, हे त्याचं काम. बोर्ड माझा, अंडी तुझी, अशी आपली वाटणी होती.

अंड्यांच्या दोन खेपा वाया गेल्या तेव्हा पडद्यावर कायम साडेसदतीसच्या आसपासचा आकडा होता. आकडा बरोबर आणि अंडी थंड, म्हणजे कुणीतरी हात घालतंय, हे मी ठरवूनच टाकलं. कपाटाची किल्ली तुझ्याकडे होती. पलीकडच्या केंद्राने तुला बोलावल्याचं माझ्या कानावर आलं होतं. तेवढं मला पुरलं. तू हसलीस तरी वाटायचं, का हसली? गप्प बसलीस तरी वाटायचं, काय लपवते आहे?

मग मी बोर्डाकडून पडद्याकडे जाणाऱ्या तारेला चोरून दुसरी तार जोडली आणि माझ्या लॅपटॉपवर ऐकत बसले. सुरुवातीला नुसता अक्षरांचा कचरा उमटला. दोन्हीकडचा माहिती पाठवायचा वेग जुळला नाही की तसं होतं, हे मी तुलाच शिकवलं होतं. तरी माझ्या मनात आलं, ही काही सांकेतिक पाठवते आहे की काय! इतकी मी कामातून गेले होते. वेग जुळवला आणि ओळी सरळ दिसायला लागल्या. रोज अकराच्या सुमारास अंडी फिरवायला तू दार उघडायचीस आणि आकडा अडकायचा. ३७.५२, ३७.५२, ३७.५२. कधी तासभर, कधी चार तास. खरं तापमान इतकं निश्चल राहतच नाही.

त्या ओळी छापून मी मालकीणबाईंपुढे ठेवल्या आणि म्हटलं, दार उघडून हीच काहीतरी करते. तू रडली नाहीस, भांडलीही नाहीस. एवढंच म्हणालीस, “अगं, ती सेन्सरची तार एकदा हलवून तरी बघ.” मला तो बहाणा वाटला. दुसऱ्या दिवशी तू किल्ली टेबलावर ठेवून गेलीस.

त्यानंतरच्या आठवड्यात अंडी फिरवायला मी दार उघडलं. आकडा अडकला. खोलीत माझ्याशिवाय कुणीही नव्हतं. ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडणार? या वेळी लॅपटॉप मी सेन्सरच्या तारेला जोडला. तिकडून काहीच येत नव्हतं. दार उघडताना बिजागरीजवळ तार ताणली जायची आणि सेन्सर मुका व्हायचा. मग बोर्ड आकडा आणत होता कुठून? प्रोग्राम उघडला. सेन्सरकडून काही आलं नाही तर शेवटचा आकडाच पुन्हा वापरायचा, अशी एक ओळ होती. त्या आकड्यावर विसंबून हीटर बंदच राहायचा. ओळीच्या वर लिहिलं होतं, “तात्पुरतं. पाहुणे गेले की काढायचं.” केंद्र बघायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर पडदा कोरा पडू नये म्हणून ती घातली होती; ते येऊन गेले त्याला वर्ष झालं. ती ओळ माझी होती.

हे कळलं त्याच दिवशी मी ती ओळ पुसली, तार बदलली आणि कुणाला काही बोलले नाही. नव्याने लावलेल्या खेपेतून एकवीस दिवसांनी कपाटभर पिल्लं निघाली. मालकीणबाईंनी पेढे वाटावेत तसं माझं कौतुक वाटलं, “हिनेच शोधून काढलं” म्हणाल्या, आणि मी ते घेतलं. पुढे दोन दिवस मला त्यांच्याकडे बघवेना. आज सकाळी सगळं सांगितलं. जुना प्रोग्रामही दाखवला. त्यांनी विचारलं, “तिला कोण सांगणार?” त्या फोन उचलायला निघाल्या होत्या, मी थांबवलं. म्हटलं, हे तिने माझ्याकडूनच ऐकायला हवं. उद्या त्या तुला परत बोलावतील. यायचं की नाही ते तू ठरव, माझा विचार करू नकोस. तू काही केलं नव्हतंस, ठिणगी. मी केलं होतं.

तुझीच,
चष्मिष