दोन हप्त्यांची झोप

आदरणीय वहिनींना,

तुमच्या धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकलेलो नाही, कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? जिने कमी चढा. दादाची प्रकृती मी विचारत नाही, कारण आमचं बोलणं बंद आहे हे तुम्ही जाणताच. पण त्याचा खोकला गेला असेल तर मी न विचारताही कळवावं. आणि एक विनंती आधीच करून ठेवतो. हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे. दादाच्या कानावर यातलं अक्षरही जाता कामा नये.

तर झालं असं की, चार महिन्यांपूर्वी दादा हत्यारांची पेटी उचलून वर्कशॉपमधून गेला, तेव्हापासून माझी झोप मोडली. मध्येच टक्क जाग यायची आणि मग छताकडे बघत उजाडायचं. तुमची जाऊ म्हणायची, छतावर काय लिहिलंय ते मलाही वाचून दाखवा. शेवटी दाढी करून घेताना न्हाव्यापाशी विषय काढला. आमचा न्हावी वस्तरा गळ्यावर असताना सल्ला देतो, त्यामुळे त्याचं म्हणणं आजवर कुणी खोडलेलं नाही. त्याने कुठेसं वाचलं होतं की झोप एकदमच घ्यायला हवी असं काही नाही, दोन हप्त्यांत घेतली तरी चालते. रात्री चार तास, दुपारी दोन. आपली झोप आपणच मोडली की ती मोडल्याचं दुःख होत नाही, असं तो म्हणाला. मला पटलं. (वस्तरा होता.)

रात्रीचा हप्ता सुरळीत लागला. पंचाईत दुपारच्या हप्त्याची. वर्कशॉपमध्ये झोपणार कुठे? प्लायवूडच्या थप्पीवर आडवा झालो तर भुसा नाकात जाई. बाकावर झोपलो तर गिऱ्हाइकं मला हलवून भाव विचारत. तेवढ्यात गायनशिक्षिकाबाईंच्या कपाटाकडे लक्ष गेलं. चांगलं ऐसपैस कपाट, आतल्या फळ्या तेवढ्या बसवायच्या राहिलेल्या. जुनी चादर अंथरली, पाय पोटाशी घेतले आणि दार ओढून घेतलं. आत अंधार, शांतता आणि ताज्या लाकडाचा वास. (कंबर इथेच धरली.)

आणि वहिनी, काय ती स्वप्नं! वीस वर्षांत मला स्वप्न पडल्याचं आठवत नाही. दिवसभर करवत ओढणाऱ्याला कसली आलीत स्वप्नं? पण दुपारच्या हप्त्यात ती इतकी ठळक पडू लागली की स्क्रूची डोकी मोजून घ्यावीत. बरं, रात्री अर्धवट राहिलेलं दुपारी नेमकं तिथूनच पुढे चालू. एका रात्री टेबलाला पाय बसवले, तर दुसऱ्या दिवशी दुपारी ते टेबल चालायला लागलं आणि मी पॉलिशचा बोळा घेऊन त्याच्यामागे रस्ताभर. आणि प्रत्येक स्वप्नात दादा. तिथेही अबोला! नुसता कोपऱ्यात उभा राहून माझं काम बघणार आणि मान हलवणार. झोप माझी, स्वप्न माझं, कपाट गिऱ्हाइकाचं आणि तोरा मात्र ह्याचा. मी जाम वैतागायचो. पण जाग आली की कोपऱ्यात कुणीच नसायचं. ते त्याहून वाईट होतं.

भांडणाचं मूळ दादाने तुम्हाला सांगितलं असेलच. डॉक्टरांच्या दवाखान्यात दोन भिंतींच्या मध्ये बसवायचं कपाट होतं. माप मी घेतलं, कापलं दादाने. बसवायला गेलो तर कपाट दहा सेंटीमीटर जास्त. डॉक्टरांसमोर मी बोलून गेलो की कापणाऱ्याचा हात हल्ली चळतो. दादा तडक वर्कशॉपवर परतला. पेटी उचलली आणि गेला.

आता मंगळवारची गोष्ट. स्वप्नात मी दवाखान्यातली ती भिंत मोजत होतो, दादा कोपऱ्यात. एकाएकी मला दिसलं की टेपच्या टोकाचा, कडेला अडकवायचा लोखंडी आकडा तुटलेला आहे. त्या दिवशी सकाळीच तो माझ्या हातून तुटला होता. दादाची बोलणी नकोत म्हणून मी गप्प राहिलो आणि शून्याऐवजी दहाच्या खुणेपासून माप धरलं. शेवटी दहा वजा करायचे, ते विसरलो. मी झोपेतच ओरडलो, "दादा, दहा वजा करायचे राहिले रे!" नेमक्या त्याच क्षणी गायनशिक्षिकाबाईंनी आपलं कपाट बघायला दार उघडलं. त्या चांगल्या घरच्या, किंचाळल्या नाहीत. दार हलकेच लावून त्या थेट तुमच्या जावेकडे गेल्या आणि तुमचे यजमान माझ्या कपाटात राहतात का, एवढंच विचारलं. मी काय ओरडलो तेही सांगितलं, सुरासकट. रात्री जेवताना तुमच्या जावेने विचारलं, "दहा कसले हो?" मी घास गिळला आणि सगळं सांगितलं. तिने माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली. मग म्हणाली, "झोप मोडायला न्हावी कशाला हवा होता तुम्हाला?"

असो. माझा हा दोन हप्त्यांचा प्रयोग बंद झाला आहे. कपाटाला फळ्या बसल्या, त्यामुळे आता जागाही उरली नाही. मुलांना आशीर्वाद, तुम्हाला पुन्हा नमस्कार, आणि दादाला काहीही नाही.

आपला धाकटा दीर

ता. क. स्वप्नात कळलं असं वर लिहिलं आहे, ते तितकंसं खरं नाही. दादा गेला त्याच्या तिसऱ्याच दिवशी टेप हातात घेतली आणि सगळं लख्ख आठवलं. तेव्हापासून टेप कपड्यांच्या खाली लपवून ठेवली आहे. झोप त्या दिवसापासून गेली.

ता. ता. क. वहिनी, तुमचा चष्मा फुटून दुरुस्तीला गेला आहे आणि शनिवारपर्यंत मिळणार नाही, असं तुमच्या जावेकडून कळलं. म्हणजे हे पत्र तुम्हाला दादाच वाचून दाखवत असणार. म्हणून तर घाईने आजच टाकतो आहे.

दादा, माप माझं चुकलं होतं. तुझा हात कधीच चळला नाही. डॉक्टरांना मी काल जाऊन तसं सांगून आलो. आता हे वहिनींना मोठ्याने वाचून दाखव, गाळू नकोस, आणि सोमवारी कामावर ये.