मिठाची वाइन

४ मार्च

चि. भोपळ्यास अ. उ. आ.

खानावळीच्या सुपाला दुकानातली वाइन परवडत नाही, म्हणून माझी घरची हवी, हे तुझं पत्र वाचून आधी हसले, मग हसू गेलं. मांडवावरची आंबट द्राक्षं आणि साखर, एवढ्यात होते ती. आम्ही ती स्वयंपाकातच वापरतो. पण तुझी दारू सुटलेली, आणि मीच तुला कॅन भरून पाठवायचा? तुझे भाऊजी म्हणाले, तो शहाणा झालाय, पाठव मुकाट्यानं. म्हणून पाठवतेय.

कांदा लाल झाला की पळीभर ओत आणि चांगलं उकळ. मीठ बेतानं घाल, यंदाची द्राक्षं जरा विचित्र आहेत. वहिनीला माझी आठवण सांग.

काळजी करायलाच जन्मलेली,
ताई

१९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

कॅन पोचला आणि घरात भांडण घेऊन आला. पहिल्याच दिवशी सूप इतकं खारट, की गिऱ्हाइकांनी जगच्या जग पाणी रिचवलं. मी हिच्यावर सगळ्यांदेखत खेकसलो, तर हिनं ॲप्रन खुंटीला अडकवला आणि अबोला धरला. बिचारीची काही चूक नव्हती. ताई, तुझी वाइनच खारट आहे, आणि द्राक्षं कधी खारट नसतात. मीठ तू घातलंस. एवढाही भरवसा नसेल तर सरळ नाही म्हणायचं होतंस. आता पाठवशील तर बिनमिठाची पाठव.

रागावलो आहे, तरी लोभ असू दे.
तुझा भाऊ

२७ मार्च

चि. भोपळ्यास अ. उ. आ.

हो, घातलं मीठ, चांगलं मूठमूठ. मला तुझ्याबद्दल भीती वाटते, आणि ती लपवून मी खोटं बोलले, हे चुकलंच. वहिनीची मी वेगळी माफी मागते.

बिनमिठाचा कॅन भरून दाराशी ठेवलाय. पण एक सांग. सूप खारट झालं तर माणूस मिठाच्या डब्याकडे बघतो. वाइनच खारट, हे तुला इतकं नक्की कशावरून कळलं? उत्तर आलं की कॅन गाडीत चढवते.

तुझीच,
ताई

५ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

पेल्यात ओतली होती. दुपारची गर्दी ओसरलेली, ही बाजारात गेलेली. एकच घोट घेतला, तोंड वाकडं झालं आणि सगळी मोरीत थुंकली. मग तिथंच बसून रडलो. ही आल्यावर हिला सांगितलं. ही म्हणाली, ताईंना तुम्हीच कळवा. मी मात्र तुला रागाचं पत्र लिहिलं.

भरून ठेवलेला कॅन तुमच्याच स्वयंपाकाला वापर. आम्हाला मिठाचीच पाठव, आणि मूठ आखडू नकोस. सुपात आम्ही आता वेगळं मीठ घालत नाही.

रागव, पण लोभ सोडू नकोस.
तुझा,
भोपळ्या