पाच डबे पुरावा

६ जानेवारी
नातीने हॉस्टेलवरून ही वही पाठवली. म्हणाली, आजी, फोनवर तासभर बोलतेस त्यातलं निम्मं लिहून काढत जा. हुशार आहे, माझ्यावर गेली. आता रोज लिहायचं. थोडक्यात. मोठी माणसं थोडक्यातच लिहितात, त्यांना वेळ नसतो. माझं शिक्षण तिसरी, पण ती तेव्हाची तिसरी.
आज फार आनंदात आहे. बाजाररस्ता रुंद होणार, नवं मार्केट होणार. त्यासाठी समोरासमोरच्या दोन जुन्या बिल्डिंगपैकी एक पाडणार. एक आमची, एक समोरची. कुठली ते जाहीर सभेत बोलणी होऊन ठरणार. मुलाचा चेहरा पडला. त्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आमच्याच जिन्याखाली आहे, त्याच्या वडिलांपासूनचं. मी म्हटलं, वेड्या, यात ठरवायचं काय आहे? समोरची बघितलीस का?

९ जानेवारी, सकाळी सात
खिडकीत बसून नीट पाहणी केली. शी.
समोरच्या बिल्डिंगच्या तोंडावर हिरवं शेवाळ. पाइपातून काळं पाणी गळतं, ते एका जाड्या मांजरावर पडतं आणि मांजर हलत नाही. कबुतरांनी प्रत्येक खिडकीखाली पांढरे ओघळ सोडलेत, जणू बिल्डिंगच रडून रडून सुकली. तळमजल्याला सलूनवाला. दाराबाहेर ओले टॉवेल वाळत घालतो. किती लोकांची थोबाडं त्यात पुसली असतील, विचार केला की चहा घशाखाली उतरत नाही. दोन कप कसेबसे उतरवले.
शिवाय माझं सकाळचं ऊन ती अडवते. एक्केचाळीस वर्षं. माझे गुडघे असे का झाले, डॉक्टरला कळत नाही, मला कळतं.
आमचे हे असताना दिवसातून दोनदा त्या सलूनमध्ये जाऊन बसायचे. डोक्यावर केस मोजके, पण तास तास बसायचे. घरी एक शब्द बोलायचे नाहीत, तिथे म्हणे गडगडून हसायचे. मला इथपर्यंत ऐकू यायचं.
ठराव : ती बिल्डिंग पाडायची.

१५ जानेवारी
सभेत बोलण्यासाठी नाव दिलं. नगरपालिकेच्या ऑफिसातला कारकून म्हणाला, आजी, तीन मिनिटं मिळतील, पुरावा असेल तर सोबत आणा. सुनेला सांगितलं. ती दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, दिवसभर लोकांची किडकी तोंडं बघते, घरी आली की मेली शांत असते. म्हणाली, आई, तुम्ही सभेला जाऊ नका. मी विचारलं, का? म्हणाली, तुम्ही बोलायला लागलात की आपल्याच घरातलं बाहेर पडतं. मत्सर, दुसरं काही नाही. मी सहा वाक्यं पाठ केली आहेत, एकही इकडेतिकडे होणार नाही.

२१ जानेवारी
पुरावा गोळा करायला बिस्किटांचे पाच पत्र्याचे डबे घेऊन समोर गेले. या जागेत मी एकतीस वर्षांनी पाऊल टाकलं. नाकाला पदर धरूनच शिरले.
तर जिना ओला. फिनेलचा वास. सलूनवाला स्वतः पोछा घेऊन उभा. म्हणाला, आजी जपून, आत्ताच पुसलाय, या बसा. मी म्हटलं, बसायला आले नाही. म्हणाला, मग कशाला आलात? मी म्हटलं, घाण न्यायला. त्याने पोछा पिळला. मग म्हणाला, संध्याकाळी या, आत्ता काहीच नाही.
नाटकं. मी येणार हे याला कळलं होतं, नाहीतर रोज कोण जिना पुसतं?
शेवटी केसांची पिशवी मागितली. त्याने दिली. बांधून दिली, वर गाठ मारून. पन्नास माणसांचे केस हातात घेऊन रस्ता ओलांडला. घरी येऊन हात तीनदा धुतले, बांगड्यांसकट. एक डबा भरला. चार रिकामे.

२२ जानेवारी, दुपारी
डोकं चालवलं. सभेला पाच दिवस उरले, समोर तर तो पोछा घेऊन पहारा देतोय. मग मी आमच्याच जिन्यावरून उरलेले चार भरले. कबुतरं तीच आहेत. सकाळी तिकडे, दुपारी इकडे, त्यांना कुठे पत्ता असतो? चुना इथून तिथून सारखा. घाण ती घाण.
आणि मिळालं किती भरघोस. एक डबा कबुतरांचा, तो आमच्या झरोक्यात हात घातला की भरतोच. एक डबा भिंतीचा पापुद्रा, नख लावलं तर साय निघावी तसा निघाला. एक डबा कठड्याचं लाकूड, वाळवीने इतकं बारीक केलेलं की चाळायची गरज नाही. एक डबा न्हाणीच्या मोरीतला काळा गाळ. तो चमच्याने काढला. चमचा टाकून दिला, सुनेला सांगू नये.
झाकणांवर कागद चिकटवून आत काय आणि कुठून आणलं ते लिहिलं. ही माझी सवय. सुनेने एकदा धुण्याचा सोडा पिठात घातला होता, तेव्हापासून माझ्या घरात झाकणावर लिहिल्याशिवाय डबा ठेवत नाहीत.

२७ जानेवारी
सभा. लायब्ररीचा हॉल. खुर्च्यांच्या खालून च्युइंगगम हाताला लागलं. कुणाचं तरी चावलेलं. अजून अंगावर काटा येतो.
आधी टायवाला उठला, नव्या मार्केटचा माणूस. टेबलावर पुठ्ठ्याची छोटी बिल्डिंग ठेवली होती, छोटी झाडं, छोटी माणसं. मी जवळ जाऊन बघितली. एकाही माणसाला तोंड नव्हतं. म्हातारं तर कुणीच नव्हतं. त्याला विचारलं, सगळे म्हातारे कुठे गेले? म्हणाला, ते आत आराम करतायत, आजी. वागायला सभ्य वाटला.
मग दाढीवाला प्रोफेसर. दोन्ही बिल्डिंग ठेवा म्हणाला. दारावरची नक्षी, लोखंडी कठडे, शंभर वर्षांची आठवण, असं बरंच. मी जागेवरूनच विचारलं, नक्षीत जे साचतं ते तुम्ही कधी टूथब्रशने काढलंय का? आणि राहता कुठे? म्हणाला, नव्या वसाहतीत, बाराव्या मजल्यावर. हॉल हसला. माझी पकड बसली होती.
सलूनवाला एकच मिनिट बोलला. म्हणाला, आमचे भाडेकरू आळीपाळीने जिना धुतात, छप्पर मागच्या वर्षी केलं, कागद जोडलेत. बसला. याला काय भाषण म्हणतात?
मग मी. सहा वाक्यं पाठ होती. पहिलं सुरू केलं, त्यात गुडघे आले, गुडघ्यांवरून डॉक्टर आला, डॉक्टरवरून आमच्या ह्यांचं शेवटचं आजारपण आलं, त्यात सलून आलं, आणि तीन मिनिटं संपल्याची घंटा वाजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतर कुणाच्या घंटेला टाळ्या वाजल्या नव्हत्या. मग मी डबे टेबलावर मांडून एकेक झाकण उघडलं. अध्यक्षबाईंनी खुर्ची मागे घेतली. टायवाल्याने रुमाल काढला. पुराव्याचा परिणाम असा असतो. डबे त्यांनी ठेवून घेतले.
मुलगा सभेत होता. येताना रस्ताभर बोलला नाही. वडिलांवर गेला.

३ फेब्रुवारी
ऑफिसातून पाहणीवाली मुलगी आली. आधी समोर गेली, पाव तासात बाहेर. तिथे थांबवेना तिला, दिसतंच होतं. मग आमच्याकडे. घामाघूम झाली होती, मी चहा केला.
म्हणाली, आजी, चार डब्यांच्या झाकणांवर आमचा जिना, आमची मोरी असं लिहिलंय. मी म्हटलं, हो, नमुन्यापुरतं. यावरून समोरचं काय असेल ते ओळखा. म्हणाली, दाखवता का?
का नाही दाखवणार? मी पुढे, ती मागे. तिने कठड्यात पेन घातलं, ते टोपणापर्यंत आत गेलं. मी म्हटलं, समोर याच्या दुप्पट असेल. म्हणाली, समोरचा कठडा लोखंडी आहे. मी म्हटलं, मग गंज दुप्पट. तिने लिहून घेतलं.
आमचं घर कसं टापटीप चालतं तेही सांगितलं. पावसात इथे बादली, इथे तपेली, पलंगाखाली परात. दर दोन तासांनी कोण रिकामं करणार त्याचा तक्ता भिंतीला लावलेला, तो काढून दाखवला. दुसऱ्या मजल्याची तिसरी पायरी वगळून चढायचं, पाहुण्यांना मी आधीच सांगते, त्यामुळे आजवर दोघेच पडले. पोरीचे डोळे मोठे झाले. अशी गृहिणी तिने पाहिली नसेल. माझा एकेक शब्द लिहून घेत होती, तिसरी शिकलेल्या बाईचा.
ती गेल्यावर मुलगा भिंग डोळ्याला तसंच ठेवून वर आला. आई, तिला काय सांगितलंस? म्हटलं, खरं तेच. तो तिसऱ्या पायरीवर बसला. मी ओरडले, त्या पायरीवर बसू नको.

११ फेब्रुवारी
सलूनवाला रस्त्यात भेटला. मान खाली घालून नमस्कार केला. हरल्याचं लक्षण. थोडी दया आली, पण टॉवेल आठवले आणि गेली.
समोरची पडल्यावर खिडकीत कुठली खुर्ची ठेवायची ते ठरवलं. वेताची. उन्हात लाकडी तापते.

२५ फेब्रुवारी
निकाल लागला. आमची.

२७ फेब्रुवारी
ऑफिसात काहीतरी चूक झाली असणार. सुनेने रिपोर्ट आणला, वाचून दाखवला. सात पानं. चार पानांत मीच आहे. येथील रहिवाशांनी स्वतः दिलेल्या माहितीनुसार, येथील रहिवाशांनी स्वतः दाखवल्याप्रमाणे. बादल्यांचा तक्ता फोटोसकट. समोरच्या बिल्डिंगला अर्धं पान. जिना स्वच्छ, छप्पर चांगलं.
मी म्हटलं, टायवाल्याने पाहणीवालीला फितवलं. सून म्हणाली, आई, तुम्ही तिला चहा पाजलात. मी म्हटलं, मग चहाच बिघडला असेल. ती हसली नाही. बॅग खाली ठेवली आणि मोरी घासायला गेली. महिना-दोन महिन्यांत पडणाऱ्या घराची मोरी. हिचं मला कधी कळलंच नाही.
मुलगा खाली दुकानात. संध्याकाळी सगळी भिंतघड्याळं एकदम वाजतात, आज वाजली नाहीत. त्याने बंद करून ठेवलीत.

१२ मार्च
अपील करणार होते. सहा वाक्यं पुन्हा लिहून काढली. मुलगा म्हणाला, आई, पाया पडतो, एकही बोलू नकोस.
मला कुणी असं कधी म्हटलं नव्हतं. ह्यांनीही नाही. ते नुसते उठून समोर जायचे.

४ एप्रिल
नवं घर मिळेपर्यंत राहायला ऑफिसने दोन खोल्या दिल्या. कुठे, तर समोर. तिसरा मजला. मी म्हटलं, मेले तरी जाणार नाही. सून म्हणाली, रविवारी टेम्पो येतोय.

९ एप्रिल
आलो. जिन्यात फिनेलचा वास. भिंतीवर जिना धुण्याचा तक्ता आहे, त्यात आमचं नाव गुरुवारी घातलंय. अक्षर बरं आहे.
सलूनवाल्याने मुलाला सलूनमध्ये एक आरसा आणि त्याखालची फळी काढून दिली. तिथे घड्याळं दुरुस्त करतो. सगळीकडे केसच केस, घड्याळात जाणार नाहीत तर काय? मी सांगायला खाली गेले. दाराजवळ एक जुनी खुर्ची आहे, हातांवरचं पॉलिश गेलेलं. सलूनवाला म्हणाला, आजोबा हिच्यावरच बसायचे. कुणाला बसू देत नाही मी, तुम्ही बसा. मी म्हटलं, घाण असेल. मग बसले. पुसलेली होती.
तिथून आमची खिडकी सरळ दिसते. मी रोज बसायचे ती. हे तास तास इथे बसून काय बघायचे, मला वाटायचं रस्ता बघत असतील.

२ मे, सकाळी आठ
आमची बिल्डिंग पाडायला लागलेत. मशीनची गरज पडली नाही. दुसऱ्या मजल्याचा कठडा एका माणसाने हातानेच काढला आणि पुडा फोडावा तसा फोडला. आमच्या मोरीची फरशी उघड्यावर पडली. रस्त्याने जाणारे नाक धरून वर बघत होते. मीपण धरलं, कुणी ओळखू नये म्हणून.
सलूनवाला चहा घेऊन वर आला. म्हणाला, आजी, खुर्ची खिडकीत घ्या, आता दुपारी इथे ऊन येईल. इतकी वर्षं तुमच्या बिल्डिंगने अडवलं होतं.
मी खुर्ची सरकवली.
कबुतरं सगळी इकडे आलीत. तीच आहेत, मी ओळखते.