मनकवड्याला चिकू किती?

डहाणू, सोमवार सकाळ

ती. अहिल्याआत्यास,

दीप्तीचा साष्टांग नमस्कार. (खरा साष्टांग आत्ता घालता येत नाही, कारण मी खाटेवर मांडी घालून बसले आहे आणि मांडीवर वही आहे. आठपैकी पाच अंगं पोचली असं समज, उरलेली तीन भेटीत देईन.) तुझा उजवा गुडघा कसा आहे? डाव्याचंही कळव, कारण निर्मलाताई म्हणते की हल्ली तू तक्रार डाव्याची करतेस आणि तेल उजव्याला लावतेस. आमच्याकडे आई बरी आहे, मी बरी आहे, आणि साखर सोडली तर बाबाही बरे आहेत. साखरेचा विषय पुढे येणारच आहे, तो सगळा वाचल्याशिवाय कुणावर रागावू नकोस. फोनवर एवढं सांगता आलं नसतं, आणि आमच्या घरचा फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

निर्मलाताईने तुला सांगितलंच असेल की दर रविवारी दुपारी आमच्या घरातून आरडाओरडा ऐकू येतो. (ती आमच्याच गल्लीत राहते आणि रोज बसने तुझ्या वाडीत चिकू निवडायला येते, त्यामुळे डहाणूची बातमी बोर्डीला पोचायला साधारण पाऊण तास लागतो.) त्यावर तू काही विचारलं नाहीस, नुसतं 'असेल काहीतरी' म्हणालीस. निर्मलाताईच्या मते तुझं विचारणं ते असंच असतं. तर ऐक. या सगळ्याच्या मुळाशी तुझा ललित आहे. पुण्यात तो सुट्टीच्या दिवशी कपडे धुतो असं तुला वाटतं, पण तो एक खेळ तयार करतो आहे. कागद, पेन्सिल, फासे आणि तोंड, एवढंच साहित्य. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि आता आपण काय करणार ते सांगायचं. ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. इथवर सोपं आहे. पण ललितने त्यात 'मनाच्या शक्ती' नावाचं एक प्रकरण घातलं आहे आणि तिथे त्याची गाडी चिखलात रुतली आहे. शक्ती तीन: एकाला पुढे काय होणार ते दिसतं, दुसरा हात न लावता वस्तू हलवतो आणि तिसरा मनकवडा. आता शक्ती अशी हवी की तिचा उपयोग व्हावा, पण इतकाही नको की बाकीच्यांना नुसतं चहा पीत बसावं लागेल. याला तो समतोल म्हणतो. त्याच्या पुण्याच्या मित्रांवर हे तपासून उपयोग नाही, कारण ते सगळे आधी गुणाकार करतात आणि मग खेळतात. म्हणून त्याने मला लिहिलं की तुझ्याकडची साधी माणसं घे आणि त्यांच्यावर करून बघ. साधी माणसं! आत्या, तुझ्या मुलाला अजून जग कळायचं आहे.

मी गोष्ट रचली. एका बेटावर राजवाडा, राजवाड्यात बुरूज, बुरुजात एक राणी कैदेत आहे आणि तिला सोडवायचं आहे. खेळायला जमले तिघं. उधव्याला मी शिकवते त्या शाळेतले प्रविण सर, निर्मलाताई आणि बाबा. शक्तींच्या चिठ्ठ्या टाकल्या. प्रविण सरांना पुढचं दिसणं आलं, निर्मलाताईला वस्तू हलवणं, आणि मनकवड्याची चिठ्ठी नेमकी बाबांनी उचलली. (बाबा! ज्यांना आईने भाजीत मीठ घातलं नाही हे कळतं, पण का घातलं नाही हे बत्तीस वर्षांत कळलेलं नाही.) त्यांनी चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचली आणि तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस जे म्हणेल तेच म्हणाले: याचं परिपत्रक दाखव.

शक्ती वापरली की मनोबल खर्च होतं, आणि ते मोजायला ललितने काचेचे मणी सांगितले होते. मणी कुठले आणायचे? म्हणून मी चिकूच्या बिया घेतल्या. काळ्याभोर, गुळगुळीत, हातात घेतल्या की ठेववत नाहीत. मग मला एक भन्नाट कल्पना सुचली आणि त्या कल्पनेची शिक्षा मी अजून भोगते आहे. मनोबल संपलं की टोपलीतून एक चिकू उचलायचा, खायचा आणि आत जितक्या बिया निघतील तितकं मनोबल मिळवायचं. कधी एक, कधी चार, सगळं नशिबावर. ललित फोनवर नाचला. चिकू निर्मलाताईने आणले. लहान, डागी निघालेले चिकू तू तिला घरी न्यायला देतेस, त्यातलेच आहेत असं ती म्हणाली.

पहिल्या रविवारी प्रविण सरांनी माझा घात केला. मी चार आठवडे पुरेल अशी गोष्ट रचून बसले होते. प्रविण सर शाळेत सगळ्या इयत्तांच्या प्रश्नपत्रिका काढतात, त्यामुळे कुठला प्रश्न विचारला की मूल अडकतं हे त्यांना पक्कं माहीत. त्यांनी शांतपणे दोन बिया पुढे सरकवल्या आणि विचारलं, "हे सगळं संपल्यावर आम्हाला कसला पस्तावा होणार आहे, तेवढंच सांगा." नियमाप्रमाणे सूत्रधाराला खरं सांगावं लागतं. मी सांगितलं. फितूर प्रधान, खोटा नकाशा, बुडणारी होडी, सगळं वीस मिनिटांत बाहेर! आईचा कांदा चिरून व्हायच्या आत माझी गोष्ट चिरून झाली. मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले आणि नवा नियम केला: पुढचं दिसेल, पण कपातला चहा निवेपर्यंत जेवढं घडेल तेवढंच. तेव्हापासून प्रविण सर चहा बशीने झाकून ठेवतात.

दुसऱ्या रविवारी निर्मलाताई. हात न लावता वस्तू हलवायला ललितने मर्यादा घातली होती, पाच किलोच्या वर काही हलणार नाही. त्याच्या डोक्यात तलवारी होत्या, दगड होते. निर्मलाताईने दरवाजावरच्या पहारेकऱ्याकडे नीट बघितलं (म्हणजे माझ्याकडे बघितलं) आणि विचारलं, "त्याने नेसलंय काय गो?" मी बेसावध. म्हटलं, धोतर. "मग त्याची गाठ किती किलोची?" आत्या, त्यानंतर जे झालं ते तुझ्यासारख्या वडीलधाऱ्या बाईला कसं लिहू? पाच किलोत किती गाठी बसतात याचा हिशोब माझ्या पुण्याच्या शहाण्या भावाने केलाच नव्हता. राजवाड्यातलं अख्खं सैन्य दोन्ही हातांनी धोतर धरून उभं राहिलं, आणि धोतर धरलेल्या माणसाला भाला धरता येत नाही. प्रविण सर हसता हसता खुर्चीवरून घसरले. बाबा गंभीरपणे म्हणाले की हे शासकीय कामात अडथळा आणणं आहे, आणि मग तेही इतके हसले की आईने पाठ थोपटली. मी लगेच नियम केला, एका माणसाच्या एका गाठीला तीन बिया. निर्मलाताईने टोपलीत हात घातला आणि पाच बियांचा चिकू काढला. परत घातला, परत पाच. मी तिच्या डोळ्यांना ओढणी बांधली, तरी पाच! तीस वर्षं तुझ्या वाडीत रोज हजारो चिकू हातातून गेलेली बाई ती. गोल असला की बिया जास्त, लांबट असला की एखाददुसरी, हे तिला बोटांनीच कळतं. नशीब म्हणून मी जे मांडलं होतं ते तिच्यासाठी रोजचं काम होतं. ललितला फोन केला तर तो म्हणाला की ही शक्ती त्याच्या यादीत नाही.

म्हणून तिसऱ्या रविवारी असं ठरलं की सगळ्यांचे चिकू बाबांनी उचलायचे. इथे साखर आली. बाबांना डॉक्टरांनी चिकू बंद केला आहे, आणि त्याच्या आधीपासून बाबांनी स्वतःच बोर्डीचा चिकू बंद केला होता. (का, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही.) पण आता ते म्हणायला लागले की मी खात नाही, मी मनोबल भरतो आहे. आईने समतोल साधायला एका चिकूच्या चार फोडी केल्या, बाबांना एकच फोड, बिया मात्र सगळ्या. बाबांनी फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "हा अहिल्येच्या विहिरीजवळच्या झाडाचा." मग कुणाला न विचारता दुसरी फोड घेतली. आई बघत होती आणि आईने हात धरला नाही. आता गंमत अशी की विहिरीजवळच्या झाडाचं फळ तू कुणाला देत नाहीस, जावयांनाही नाही. ते डागी चिकवांच्या पिशवीत आलं कसं? मी निर्मलाताईला विचारलं तर ती पंख्याकडे बघायला लागली. आत्या, मी तुलाही काही विचारत नाही.

या तीन रविवारांत बाबांनी आपली शक्ती एकदाही वापरली नाही. वाटीत एकोणीस बिया साठल्या. ललित म्हणतो की शक्ती कुणी वापरतच नसेल तर तिची किंमत चुकली आहे. मी दोन बिया करून बघितल्या, एक करून बघितली, फुकट दिली. बाबा म्हणाले, दुसऱ्याच्या मनात डोकावणं बरं दिसत नाही. मग मला वर्गातलं आठवलं. एखादं पोर गप्प बसलं की त्याला काय झालं विचारून कधीच सांगत नाही. पण मी आधी सांगितलं, की मी तिसरीत असताना पाढा चोरून बघितला होता, तर ते धडाधडा बोलायला लागतं. म्हणून शेवटचा नियम केला. मनकवड्याने बिया द्यायच्या नाहीत. आधी स्वतःच्या मनातली एक खरी गोष्ट सांगायची, टेबलाशी बसलेल्या कुणालाही माहीत नसलेली, आणि मग समोरच्याचं मन वाचायचं. ललित फोनवर ओरडला की हा नियम नाही, हा सापळा आहे.

काल चौथा रविवार. सैन्य धोतरात गुंतलेलं, चहा बशीखाली, निर्मलाताईने बुरुजाची कडी हात न लावता काढली. दार उघडलं, आणि राणी बाहेर येईना! हे मी मुद्दाम घातलं होतं, बाबांनी शक्ती वापरावी म्हणून. राणी नुसती खिडकीकडे तोंड करून बसली आहे, म्हटलं. सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबांनी नियम दोनदा वाचला. मग चष्म्याचं घर उघडलं आणि त्याच्या अस्तराखालून पत्त्यातला बदामाचा एक्का काढून टेबलावर ठेवला.

साडेतीन वर्षांपूर्वीची गौरी आठवते ना? विसरशील कशी. तू आणि बाबा मेंढीकोटात जोडीदार, वीस वर्षांत तुम्हाला कुणी हरवलं नव्हतं, दोघं एकमेकांचं मन वाचतात असं सगळे म्हणायचे. तीन दश्श्या तुमच्या, चौथी बदामाची तू, बाबा वर एक्का टाकून ती उचलतील या भरवशावर, खाली टाकलीस आणि बाबांनी वर किलवरची पंजी टाकली. दश्शी गेली. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, माझ्याकडे एक्का नाही हे तुला कळायला नको? तू म्हणालीस, मी काय मनकवडी आहे? आणि पत्ते फेकून आरतीच्या आधी बोर्डीची बस पकडलीस. तुझी छत्री अजून आमच्या दारामागे आहे. तर आत्या, काल बाबा म्हणाले की एक्का त्यांच्याच हातात होता. पुरणपोळीच्या गुळाने चौकटच्या गुलामाला मागून चिकटलेला. तू गेल्यावर पत्ते गोळा करताना सापडला. "अहिल्या बरोबर खेळली होती. चूक माझी. मला लाज वाटली आणि मग उशीर झाला," एवढंच बोलले, आणि चष्मा पुसत बसले. मला रडू आलं. प्रविण सरांनी चहावरची बशी काढली. आई म्हणाली, "म्हणजे साडेतीन वर्षं मी हा एक्का शोधत माळा झाडते आहे?"

नंतर बाबांनी चष्मा लावला आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, किंमत भरली आहे, आता राणी बाहेर का येत नाही ते सांग. शाळेची वेळ झाली, बाकी क्षेम. आईने तुला कैरीचं लोणचं पाठवलं आहे, बरणी परत दिलीच पाहिजे असं नाही.

तुझी भाची,
दीप्ती (सूत्रधार)

ता. क. आत्या, राणी का येत नाही हे मी ठरवलेलंच नाही. सूत्रधाराला खरं सांगावं लागतं आणि खरं मला माहीत नाही, म्हणून खेळ थांबला आहे. राणी तू हो. रविवारी तीन वाजता. बाहेर यायचं की नाही ते तूच ठरव, फक्त आमच्या टेबलाशी बसून ठरव.

ता. क. दुसरा. हे पत्र मी माझ्या मनाने लिहिलं आहे, मला कुणीही सांगितलेलं नाही. (हे वाक्य घाल असं बाबांनी सांगितलं.)

ता. क. तिसरा. पाकीट निर्मलाताईच्या हाती देते आहे. तिने ते बोटांत धरून बघितलं आणि आत काहीतरी कडक आहे म्हणाली. तो एक्का आहे. त्याच्याशिवाय आमच्याकडे एकावन्नच पत्ते आहेत, तेव्हा नीट जप. तो पोस्टाने किंवा कुणाच्या हाती परत पाठवू नये, स्वतः आणावा, असं बाबांचं परिपत्रक आहे.