चाक सरळ ठेवून घेतलेलं माप

रॉइस,

आईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतेय, माझ्या गाडीने. तुझ्या उंच करून घेतलेल्या ट्रककडे बघून त्या म्हणाल्या, "मला डॉक्टरकडे जायचंय, झाडावर चढायचं नाहीये."

टायरवाल्या डेलबर्टचा फोन आला होता. तू मागवलेले पस्तीस इंची टायर आलेत. दुपारी तो ते रुंद रिमवर चढवणार आहे आणि एकदा चढवले की परत घेत नाही. म्हणून तू त्याच मापाचं नमुन्याला आणून ट्रकला पुढे बसवलेलं चाक मी सकाळी तपासलं. सरळ असताना छान बसतं. स्टीअरिंग पूर्ण फिरवलं की मडगार्डला घासतं. डेलबर्टला सांगितलं तर तो हसला. "बाई, सगळे नवरे चाक सरळ ठेवूनच माप घेतात." आपल्या दारातून बाहेर पडतानाच वळावं लागतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

तेहतीस इंची टायर आणि कमी रुंद रिम घेतलेस तर घासणार नाही, आणि ट्रक तितकाच रुबाबदार दिसेल, असं त्याचं म्हणणं. रुबाबाबद्दल मला मत नाही.

जेवणाच्या सुट्टीआधी त्याला फोन कर. निर्णय तुझा. फक्त, नव्या टायरांमुळे ट्रक आणखी बोटभर जरी वर गेला तरी थँक्सगिव्हिंगच्या सणाला आई तुझ्या बहिणीकडे जाणार आहेत. म्हणजे सणाच्या जेवणाची टर्कीही तिकडेच भाजली जाईल. त्यांनी मलाही चल म्हटलंय. मी अजून नाही म्हटलेलं नाही.

वर्ना